चावलासाहेबांचं मीठ

मिल्या, मला तुझा संशय येतोय.

तुला जाऊन तीन आठवडे झाले आणि माणसं अजून तुझ्याबद्दल चांगलंच बोलताहेत, हेच मुळात संशयास्पद आहे. पुण्यानुमोदनाला तुमच्या चाळीच्या हॉलमध्ये एकेक जण उठून सांगत होता, मिलिंद शांत होता, मिलिंद मनमिळाऊ होता, मिलिंदने कधी कुणाशी वाद घातला नाही. मी मागच्या खुर्चीवर बसून इकडेतिकडे बघत होतो, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या कार्यक्रमाला आलो की काय. मग माझ्याशी अठरा वर्षं एकाच सिनेमावरून भांडणारा तो कोण होता? भर लालबागच्या फुटपाथवर ‘तुला सिनेमा कळत नाही, तू फक्त सीड्या भाड्याने दे’ असं ओरडणारा?

एवढ्यात माझं नाव पुकारलं. मिलिंदचे बालमित्र प्रकाश दोन शब्द बोलतील. मी गेलो, माईक हातात घेतला. माईक आणि मी एकत्र आलो की काय होतं हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? दोन वाक्यं घरून पाठ करून नेली होती. समोर तुझा फोटो. फोटोत तू फुल बाह्यांचा शर्ट घातलेला, मनगटापर्यंत बटणं लावलेली. त्या बाह्यांकडे बघता बघता माझी दोन्ही वाक्यं गेली आणि तोंडून निघालं, “चावलासाहेबांना माझी आदरांजली.”

तुझे काका शेजारच्याला विचारताना मला स्पष्ट ऐकू आलं, “चावला कोण? गोडाऊनचा मालक?” सुजाता वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. बायका त्यांना धरायला धावल्या. मला मात्र नक्की माहीत आहे, त्या हसत होत्या. म्हणजे, तेव्हा तरी मला नक्की माहीत आहे असं वाटत होतं. आता मला कशाचीच खात्री उरलेली नाही, आणि त्याला कारण तू.

आधी चावलांचं सांगून टाकतो. तुला ते पाठ आहे, पण तू ते नेहमी मलाच बावळट ठरवून सांगायचास. मी बावळट होतोच, पण निदान माझ्या तोंडून ऐक.

परळ नाक्यावर जिन्याखाली माझी सीडी लायब्ररी होती तेव्हाची गोष्ट. एका गठ्ठ्यात एक परदेशी सिनेमा आला. कव्हरवर लांबलचक टेबल, भोवती हसणारं कुटुंब, मध्ये केक. मी न बघताच वर चिकटपट्टी लावली आणि पेनाने लिहिलं, ‘कौटुंबिक, विनोदी’. केकच्या बाजूला एक सुटा हात पडला होता तो मला पाव वाटला. पुढच्याच रविवारी दुपारी तुमच्या दुसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये टीव्ही बाहेर काढून सगळ्यांनी मिळून सिनेमा बघायचा बेत ठरला, आणि तू म्हणालास, “पक्या, काहीतरी घरच्या सगळ्यांनी बघण्यासारखं आण.” मी आणला.

कुठल्या देशातला सिनेमा ते आपल्याला शेवटपर्यंत कळलं नाही. सगळे स्वेटर घालून होते, एवढंच. भाषा अगम्य, खाली इंग्रजी अक्षरं. मागून बायका ओरडल्या, “अरे काय लिवलंय ते वाचा की कुणीतरी.” मंडळाचा माईक कोपऱ्यात होताच. दहावीला इंग्रजीत दोनदा गचकलेला मी, उठलो आणि दुभाष्या झालो.

दहाव्या मिनिटाला चर्चच्या मागच्या स्मशानातून मेलेली माणसं उठून चालायला लागली. माझी आई, जी खास समोरच्या चाळीतून चटई घेऊन आली होती, ती किंचाळली, “मेले इले गे बाय!” तेव्हापासून जगाला जे झॉम्बी, ते आपल्याला ‘मेले’. आईच्या तोंडी तो शब्द बसलेलाच होता म्हणा. ती तुला कधी मिल्या म्हणालीच नाही. “मेल्या, खय होतंस? मेल्या, जेवलंस काय?” आता ती तुझं पूर्ण नाव घेते. मिलिंद. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कळेना ती कुणाबद्दल बोलतेय.

तर सिनेमा. गावात मुलीचं लग्न आहे, आणि मेले उठले म्हणून कुणी लग्न थांबवत नाही, कारण पाहुणे येऊन बसलेत. मेलेही तसे सभ्य. हळू चालतात, रांगेत उभे राहतात, एक म्हातारा सारखा हॅट सावरत असतो. मुलीचा मिशीवाला जाडा मामा फुलं आणायला जातो, आणि मेलेला पोस्टमन त्याच्या मनगटाचा लचका तोडतो. खाली अक्षरं आली, ‘ही इज बिटन’. मी माईकमधून घाईघाईत गरजलो, “तो चावला!”

म्हणायचं होतं, त्याला चावला. पण ‘त्याला’ गडबडीत गिळलं गेलं.

मागून प्रश्न आला, “कोण?” मी म्हणालो, “तो मिशीवाला. तो चावला.” कदमकाका बँकेत शिपाई होते. ते म्हणाले, “बरोबर. आमच्या ब्रँचला मॅनेजर चावलाच होते. अशीच मिशी. माणूस वाईट नव्हता.” संपलं. त्या क्षणापासून पूर्ण पॅसेजसाठी तो मामा चावलासाहेब झाला, आणि बर्फातल्या त्या गावात एक पंजाबी गृहस्थ काय करतोय याची कुणालाही अडचण वाटली नाही. तू भिंतीला टेकून इतका हसत होतास की नव्या नवरीने, म्हणजे वहिनींनी, तुला पाणी आणून दिलं.

आणि मग ते टेबल आलं.

चावलासाहेब बाही खाली ओढून, बटण लावून लग्नाच्या जेवणाला येऊन बसतात. चावा बसलेल्याची पहिली खूण सिनेमाने आधीच सांगून ठेवली आहे. आधी जिभेची चव जाते, मग अंगाची ऊब जाते, मग माणूस मेला. चावलासाहेब एक घास घेतात, थांबतात, आणि म्हणतात, मीठ द्या. नवरीची आई म्हणते, “आज माझाच हात चुकलाय. आळणी झालंय.” हे वाक्य मी माईकवर बरोबर सांगितलं होतं, आयुष्यात एकदाच. मग नवरीचा उंचाडा भाऊ बरणी पुढे करताना म्हणतो, “मला तर बरोबर वाटतंय,” आणि तेवढ्यात टेबल हादरतं. मग एकेक जण मीठ घेतो आणि तोंड वाकडं करून खातो. पाद्रीसुद्धा. जेवण झाल्यावर चावलासाहेब नवरीशी एकदा नाचतात, एकटेच स्मशानाकडे चालत जातात, फाटक आतून लावून घेतात आणि हॅट काढतात. सिनेमा संपतो.

या टेबलावर आपण अठरा वर्षं जेवलो, मिल्या.

तुझं म्हणणं, सगळ्यांना माहीत होतं. माझं म्हणणं, कुणालाही काहीही माहीत नव्हतं, सगळे येडे होते, आणि म्हणून तो विनोदी सिनेमा. तू पुरावे काढायचास. शिवडीच्या गोडाऊनमधून सुटल्यावर थेट माझ्या दुकानात. तोवर लायब्ररी जाऊन तिथे झेरॉक्सचं मशीन आलेलं. तू गिऱ्हाइकांसमोर सुरू व्हायचास.

“आळणी म्हणायच्या आधी आईची नजर बाहीवर जाते. बघितलंस?”

“बाहीला रस्सा लागलाय.”

“कुत्रा खुर्चीखालून उठून गेला.”

“त्याला हाड मिळालं पलीकडे.”

“आणि टेबल का हादरलं? आईने त्या उंचाड्याला खालून लाथ घातली. गप्प बस म्हणून. तो एकटा बावळट, बाकी सगळे शहाणे.”

“टेबलाचा पाय पहिल्यापासून डुगडुगतोय, मिल्या. सुरुवातीच्या सीनला बघ, केकही हलतो.”

“केक नाही हलत, तुझं डोकं हलतं.”

एकदा मी वैतागून म्हणालो, सगळ्यांना माहीत असेल तर मग त्यात विनोद कुठे राहिला? तू झेरॉक्सच्या मशीनवर हात ठेवून म्हणालास, “अरे, सगळे खारट खातायत हाच विनोद. त्या माणसाला एक जेवण माणसासारखं जेवता यावं म्हणून तिथला पाद्रीसुद्धा जीभ जाळून घेतोय. याच्यापेक्षा मोठा विनोद तुला कुठे दिसला?” मी म्हणालो, “पाय डुगडुगतोय.”

आता माझ्या संशयाकडे येतो. मी जन्मजात संशयी माणूस, तुला माहीत आहे. भाजीवाला हसला तरी मी वजनकाटा बघतो. तर यंदा मेमध्ये तू फुल बाह्यांचा शर्ट घालायला लागलास. मेमध्ये, परळमध्ये! मला लगेच संशय आला. तू बारीक झालास, म्हणालास डाएट. संशय पक्का झाला. टोपी घालायला लागलास. फोन आला की बाजूला जायचास. दर दुसऱ्या मंगळवारी अर्धा दिवस रजा. एवढे पुरावे तर चावलासाहेबांविरुद्धही नव्हते.

आणि मी निष्कर्ष काढला की तुझं बाहेर काहीतरी चालू आहे.

हस. तुला हसायलाच लिहितोय. एका मंगळवारी मी दुकान बंद करून तुझा पाठलाग केला. लालबागपासून परळपर्यंत, उसाच्या गाड्यामागून, बसच्या आडून, तोंडासमोर वर्तमानपत्र धरून. एका खांबाला धडकलो. तू इस्पितळाच्या फाटकात शिरलास, काखेत जाड फाइल. मी समोरच्या फुटपाथवर उभा राहून काय विचार केला असेल? नर्स असणार, म्हटलं.

संध्याकाळी तुला धरलं. “कोण आहे ती?”

“कोण?”

“इस्पितळातली. मी डोळ्यांनी बघितलं. फाइलबिइल घेऊन जातोस, मोठा आव आणतोस.”

तू म्हणालास, “मेव्हण्याचे रिपोर्ट होते, पक्या.” आणि मग हसायला लागलास, त्या रविवारसारखा, भिंतीला टेकून. यावेळी पाणी द्यायला मीच होतो. मला वाटलं, चोरी पकडली म्हणून हसतोय. मी बोट नाचवत म्हणालो, “वहिनींना सांगणार नाही, पण माझं लक्ष आहे.”

लक्ष आहे! कपाळ माझं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी आपण आपल्या नेहमीच्या, काकींच्या खानावळीत गेलो. बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. तू एक घास घेतलास, थांबलास, आणि म्हणालास, “मीठ दे रे.”

मी माझ्या ताटातलं चाखून बघितलं. मीठ अगदी बरोबर. मला वाटलं, अरे वा, गडी चावलासाहेब करतोय. इतक्या दिवसांनी मूडमध्ये आलाय. मग मी कशाला मागे राहतो? छाती भरून, त्या दिवशीच्या माईकवरच्या आवाजात म्हणालो, “आज काकींचाच हात चुकलाय! आळणी झालंय सगळं!” आणि माझ्या तिखल्यात चमचाभर मीठ ओतून, तोंड वाकडं करून, खाल्लं. गल्ल्यावरून काकी ओरडल्या, “काय म्हणालास? वीस वर्षं बोटं चाटतोस नि आज आळणी?” तुझ्याकडे बघितलं तर तुझे डोळे भरलेले.

“तिखट लागलं काय?” मी विचारलं.

“हो,” तू म्हणालास.

मग तू ताटातला सगळा भात संपवलास. बाहेर पडताना माझा हात धरलास, तो चौकापर्यंत सोडला नाहीस. तुझा हात गार होता. चावा बसलेल्याची दुसरी खूण सिनेमाने मला अठरा वर्षं शिकवली होती, आणि मला वाटलं, नुकताच धुतलाय, ओला असेल.

त्यानंतर तू जेमतेम दीड महिना होतास.

मला बोलावणं आलं ते फक्त शेवटच्या चार दिवसांत. तोवर तुझं बोलणं बंद झालं होतं. मी उशाशी बसून राहिलो आणि तुझ्यावर भयंकर चिडलो होतो, हे आता सांगतो. याने मला का नाही सांगितलं? अख्ख्या जगातून मलाच का नाही? हाच एक प्रश्न घेऊन मी त्या चावलासाहेबवाल्या भाषणापर्यंत आलो होतो.

त्याच्या दुसऱ्या दिवशी भाड्याच्या खुर्च्या परत करायला मदत करून मी तुमच्या घरी टेकलो. वहिनींनी चहा दिला आणि समोर बसल्या.

“भावोजी, तुमचे उपकार आहेत.”

“माझे कसले?”

“ह्यांनी त्या दिवशी खानावळीतून आल्यावर मला सांगितलं. म्हणाले, पक्याला सगळं कळलंय. त्याने मला सांगितलंही, त्याच्या पद्धतीने. आता त्याला कुणी काही सांगू नका. तो दाखवत नाही तोवर मला एक जागा आहे, जिथे मी आजारी नाही.” वहिनींनी बिस्किटांची बशी पुढे केली. “इतके दिवस तुम्ही ते पोटात ठेवलंत. मला नसतं जमलं. तुम्हाला कधी कळलं हो?”

मिल्या, तेव्हा मला खरं बोलायला संपूर्ण चहा संपेपर्यंत वेळ होता. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, “सुरुवातीलाच.”

म्हणजे तू वाद जिंकलास असं समजून गेलास. टेबलावरच्या सगळ्यांना माहीत होतं, आणि पुरावा मी. आणि खरं काय, तर मी अठरा वर्षं बरोबर होतो. टेबलावर एक तरी अस्सल येडा होता. तो मी. मला न आलेल्या शहाणपणाबद्दल तू माझा हात चौकापर्यंत धरलास. ते मला परत करायचं आहे आणि घ्यायला तू नाहीस.

पण माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. तिसऱ्या रात्री अंथरुणात मला नवीनच संशय आला. तू मला तिसरीपासून ओळखतोस. नर्सचा शोध लावणाऱ्या माणसाला पंधरा दिवसांत अक्कल येईल यावर तू विश्वास ठेवशील? तुला नक्की कळलं होतं की मी नुसती नक्कल करतोय. मग घरी जाऊन वहिनींना असं का सांगितलंस? तू गेल्यावर त्या मला असंच विचारणार, आणि मी आयुष्यभर ‘मला कसं कळलं नाही’ म्हणत डोकं आपटत बसणार, हे ओळखून माझ्यासाठी आधीच मीठ टाकून ठेवलंस का? तसं असेल तर आणि वाईट. डोळे मग कशाने भरले होते? खरं बोल, तिखट लागलं होतं का?

सिनेमा परत बघितला. चावलासाहेबांचा चेहरा पॉज करून करून बघितला. काही कळत नाही. नुसती मिशी दिसते.

शेवटी ठरवलं, वहिनींना खरं सांगायचं. त्यांनी माझे उपकार मानावेत हे काही मला पचेना. गेल्या रविवारी दुपारी निघालो. आईने बाटलीत सोलकढी भरून दिली. “मिलिंदाच्या घरी जातंस मां? हळू ने, सांडशील.” मी वाटभर वाक्य घोकत गेलो. वहिनी, मला काहीच माहीत नव्हतं. सहा शब्दसुद्धा नाहीत. ते विसरणं मलाही शक्य नव्हतं.

वहिनींनी पान वाढलं. डाळ, भात, सुकटीची चटणी. आम्ही दोघं समोरासमोर जमिनीवर बसलो. मी पहिला घास घेतला आणि म्हणालो, “वहिनी, मला एक सांगायचंय. त्या खानावळीत मी जे बोललो, ते मी...”

त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर आली. किंचित थांबली. मग त्यांनी माझ्याकडे न बघता मिठाची बरणी पुढे सरकवली.

“आज माझाच हात चुकलाय, भावोजी. आळणी झालंय सगळं.”

डाळ माझ्या तोंडातच होती. मीठ बरोबर होतं, मिल्या. एका कणानेही कमी नाही. मी म्हणणारच होतो, मला तर बरोबर वाटतंय. शब्द जिभेवर आले होते. आणि तेवढ्यात, खाली टेबल नसताना, कुणी पाय हलवला नसताना, मला काहीतरी लागलं.

मी मीठ घेतलं. वहिनींनीही घेतलं. आम्ही दोघांनी तोंडं वाकडी करत ताटं स्वच्छ केली, आणि सोलकढीची आख्खी बाटली संपवली.

टेबलाचा पाय डुगडुगत नव्हता रे. लाथच होती ती.